बाबांचं घड्याळ
आज आम्ही तिघं भावंडं बाबांच्या कपाटासमोर बसलो. मृत्युपत्रात घराचे तीन सारखे वाटे आहेत, त्यावर कुणाचीच हरकत नव्हती. आधी बाबांचं उरलेलं कर्ज फेडायचं, मगच वाटणी, हेही लगेच ठरलं. अडलं ते मनगटी घड्याळावर. बंद पडलेलं, पट्टा तुटलेला. ताई म्हणाली, "शेवटची दोन वर्षं त्यांचं सगळं मी केलंय." दादाचा आवाज चढला, मग वीस वर्षांपूर्वीचंही निघालं. मृत्युपत्रात घड्याळाचा उल्लेखच नाही. बाबा, एक ओळ लिहून ठेवायला हवी होती हो! ताई रडत निघून गेली. रात्री दोघांना फोन केला. दादाने उचलला. बराच वेळ काही बोलला नाही, पण ठेवलाही नाही.