जुनी जीप आणि उलटे आटे

घरी दुसऱ्या महायुद्धातली जुनी जीप दुरुस्तीला घेतली की पाहायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ही पूर्ण कधी होणार?" प्रश्नात वावगे काही नाही, फक्त त्यामागे अशी समजूत असते की हे काम कधीतरी संपते आणि मग गाडीवर कापड झाकून आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही. ही गाडी मुळातच वेळोवेळी खोलली जावी, जोडली जावी, अशी घडवलेली आहे. तिला चालती ठेवणे हे काम आणि चकचकीत करणे ही हौस, अशी माझी वाटणी आहे.

दुसऱ्या महायुद्धात, 1941 ते 1945 या काळात, विलीस-ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून या जातीच्या सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. चार सिलिंडरचे 2.2 लिटरचे इंजिन, 60 अश्वशक्ती, तीन गिअर, गरज पडेल तेव्हा चारही चाकांना ताकद देणारी रचना, आणि सगळे वजन एक टनाच्या थोडे वर. तिची दुरुस्ती सुसज्ज वर्कशॉपमध्येच होईल असे गृहीत धरणे परवडणारे नव्हते. ती चिखलात, हाताशी असतील त्या चार पान्यांनी व्हायची होती. म्हणून आजही बॉनेट उघडले की कार्बोरेटर, प्लगांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर, डायनॅमो, पाण्याचा पंप हे सारे डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते. डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटमध्ये 0.020 इंच आणि प्लगमध्ये 0.030 इंच अंतर फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी, राखले, पेट्रोल स्वच्छ मिळाले आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, जुळले, की इंजिन फारसे आढेवेढे न घेता सुरू होते.

मात्र इंजिनाच्या या भोळेपणाला भुलून बॉडीकडे दुर्लक्ष करू नये. गंज दिसतो तिथे तो थोडा असतो आणि दिसत नाही तिथे पुष्कळ असतो. युद्धकाळातल्या जीपच्या फ्लोअरखाली मजबुतीसाठी पत्र्याचे आडवे चॅनल आहेत आणि त्यांच्या पोटात लाकडाच्या पट्ट्या बसवलेल्या होत्या. कारखान्यातून निघालेल्या नव्या गाडीच्या दृष्टीने ही सोय उत्तम होती, पण काही पावसाळे गेले की ते लाकूड पाणी धरून ठेवते आणि पत्रा आतून कुजत जातो. वरून रंग शाबूत दिसतो. स्क्रूड्रायव्हरचे टोक जरा दाबले की ते आरपार जाते आणि तांबूस भुग्यात मिसळलेला लाकडाचा काळपट चुरा खाली पडू लागतो. अशा वेळी वरून ठिगळ लावून भागत नाही. पांढरा, निरोगी पत्रा लागेपर्यंत कापत जावे लागते, आणि कापण्याआधी बॉडीला आतून अँगलचे आडवे-तिरपे आधार वेल्डिंगने टाकून, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवावे लागतात. नाहीतर फ्लोअर निघताच बॉडी किंचित पिळवटते आणि नंतर विंडशील्डची चौकट काही केल्या जागेवर बसत नाही.

कंस, कड्या, बिजागऱ्या अशा लहान भागांचा गंज काढायला धुण्याचा सोडा घातलेले पाणी आणि बॅटरी चार्जर पुरतो. भाग ऋण टोकाला, भंगारातला साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला. त्या जागी स्टेनलेस स्टील मात्र लावू नये, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. वर येणारे बुडबुडे हायड्रोजनचे असतात, तेव्हा हा उद्योग उघड्यावरच करावा.

गंजलेल्या बोल्टशी बळजबरी उपयोगाची नाही हे सगळे सांगतात; आटे कोणत्या बाजूचे आहेत ते आधी पाहावे, हे थोडे सांगतात. या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे आहेत. चाक पुढे फिरताना नट सैल होऊ नयेत म्हणून केलेली ती योजना आहे. ज्याला हे ठाऊक नाही तो नेहमीच्या सवयीने पाना फिरवतो, नट अधिकच आवळला जातो, मग तो पान्याला लांब पाइप लावतो, आणि शेवटी नट ज्यावर बसतो तो स्टडच तुटून हातात येतो. जुन्या गाडीच्या डाव्या चाकावर एखादा स्टड वेगळ्या जातीचा दिसला, तर तिच्या पूर्वायुष्यात असा एखादा ताकदवान माणूस येऊन गेला आहे असे खुशाल समजावे.

आता हौसेविषयी. फोर्डने आपल्या जीपच्या बारीकसारीक भागांवर, बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा, एफ हे अक्षर उठवले होते, आणि तेवढे अक्षर असलेला बोल्ट मिळावा म्हणून वर्षानुवर्षे वाट पाहणारे लोक आहेत. त्यांची चिकाटी मला मान्य आहे. पण हीच मंडळी कधीकधी गाडीला आरसा लाजेल असा चकाकता रंग देतात तेव्हा आश्चर्य वाटते. युद्धातल्या जीपचा ऑलिव्ह हिरवा रंग मुद्दाम निस्तेज ठेवलेला होता, कारण चमक दुरून दिसते. कारखान्यातून जशी निघाली त्याहून देखणी केलेली गाडी मूळ रूपात आणली असे म्हणता येणार नाही. जुन्या मालकाने केलेला, ओबडधोबड पण पक्का वेल्डिंगचा सांधा मी घासून सपाट करत नाही.

जिथे जीव गुंतलेला आहे तिथे मात्र हा जुनेपणाचा मोह बाजूला ठेवावा. या जीपच्या ब्रेकची पाइपलाइन एकच आहे. चारपैकी एका चाकाशी गळती झाली तरी पेडल खाली बसते आणि चारही ब्रेक जातात. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, त्यामुळे उभ्या गाडीतही ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात. तेव्हा रबर, होज आणि पाइप नवे घालावेत, आणि ड्रममधली जुनी धूळ फुंकून उडवू नये, कारण त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. पेट्रोलची टाकी तर चालकाच्या बैठकीखालीच आहे. इथेनॉल मिसळलेले आजचे पेट्रोल जुन्या रबराला सोसत नाही, म्हणून पेट्रोलची नळी वेळीच बदलणे हे आपल्याच बैठकीच्या हिताचे आहे. गाडीखाली शिरायचे ते स्टँड लावूनच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी शिरू नये.

एवढे झाले की नेहमीची देखभाल उरते, आणि मला तीच अधिक आवडते. स्प्रिंगच्या पाट्यांच्या कड्या, स्टिअरिंगचे सांधे, अ‍ॅक्सलकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे जोड अशा ठिकाणी ग्रीसचे निपल असतात. निपल पुसून ग्रीस गन लावली आणि दाब दिला की आधी कडेने काळे, घट्ट झालेले ग्रीस बाहेर येते, मग राखाडी, आणि शेवटी आत घातलेल्या ताज्या ग्रीसचा रंग दिसू लागतो. बाहेर आलेले ग्रीस चिमटीत चोळून पाहावे. खरखरले तर आत माती शिरली आहे. लोखंडाची चमचम दिसली तर सांधा झिजतो आहे. हवेच्या फिल्टरच्या तळाशी तेलाचे भांडे असते. येणारी धूळ त्या तेलात अडकून खाली बसते. बोट घालून गाळाचा थर चाचपला की तेल बदलायचे की नाही ते तिथेच कळते.

एक काम मात्र अंगणात होत नाही. या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये फरक सामावून घेणारे डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून फिरले तर तो फरक जिरायला जागा मिळत नाही, सगळी यंत्रणा पीळ धरते आणि फोर-व्हीलचा लिव्हर अडकून बसतो. दुसरीकडे, तो लिव्हर महिनोन्महिने हलवलाच नाही तर तोही जाम होतो. म्हणून अधूनमधून चाके थोडी घसरतील अशी मऊ, ओली वाट गाठून फोर-व्हील लावावेच लागते, आणि चिखलाने माखून परतल्यावर ही देखभालच होती, असे मी घरी सांगतो.