ठणक्याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात?

दोन वर्षं दादरच्या क्लासला जातेय. सेर्वान्तेस इन्स्टिट्यूटची देले ए-२ ही स्पॅनिशची परीक्षाही पास झाले. पण समोर खरा स्पॅनिश माणूस आला की तोंडाला कुलूप. म्हणून वरळी कोळीवाड्यातल्या एका दंतशिबिरात दुभाषी म्हणून नाव दिलं. व्हॅलेन्सियाचे दोन डॉक्टर येणार होते आणि त्यांचं इंग्रजी जेमतेमच.

पहिल्याच तासाला माती खाल्ली. थोरले डॉक्टर नाक पुसत म्हणाले, ‘एस्तोइ कोन्स्तिपादो.’ मी इंग्रजीच्या भरवशावर शिबिरवाल्या काकांना हळूच सांगितलं, डॉक्टरांचं पोट साफ होत नाहीये. काकांनी लगेच इसबगोल मागवलं. कोन्स्तिपादो म्हणजे सर्दी झालेला! डॉक्टरांनी पाकीट बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्याने खिशात टाकलं.

मग एक आजी खुर्चीत बसल्या. ‘ठणकते गो बाय, रातभर.’

‘ले दुएले ला मुएला,’ मी म्हटलं. दाढ दुखते, एवढं पोचलं. ठणका मात्र माझ्याकडेच राहिला. शेवटी टेबलावर बोटाने ठक्, ठक्, ठक् केलं. ‘आ, ले लाते!’ लातीर, म्हणजे काळीज धडधडतं तेच क्रियापद. क्लासच्या पुस्तकात नव्हतं.

पण एक गोष्ट तिथे लख्ख कळली. हे ‘दुएले’ क्लासमध्ये इंग्रजीतून समजून घेताना डोकं पिकायचं. मराठीतून सरळ आहे: दाढ दुखते, ‘दुएले’; दाढा दुखतात, ‘दुएलेन’. क्रियापद दाढेच्या मागून जातं, माणसाच्या नाही. ‘मे गुस्ता’चंही तेच, मला आवडतं. दात वेगळा, ‘दिएन्ते’. दाढ वेगळी, ‘मुएला’. अक्कलदाढेला तर ‘मुएला देल हुइसिओ’ म्हणतात, आणि हुइसिओ म्हणजे समज, विवेक. दोन वर्षं उगाच इंग्रजीला वळसा घालून जात होते.

डॉक्टर म्हणाले, दाढ काढावी लागणार नाही, भरता येईल. आजींचा चेहरा खुलला.

‘त्याला सांग, नीट भर. बोंबील काय, कसापण जातो. मना चिंबोरी फोडायची हाय.’

चिंबोरीचा स्पॅनिश शब्द मला येत नव्हता. दोन्ही हातांच्या नांग्या करून डॉक्टरांच्या नाकासमोर नाचवल्या.

‘कांग्रेखो!’ डॉक्टर ओरडले, आणि शिंकले.