गालांसाठी फिलर निवडताना

गेल्या हिवाळ्यात मी दोन्ही गालांत फिलर, म्हणजे बसलेला भाग भरून काढायला टोचतात तो पदार्थ, भरून घेतलं. त्याआधीचा अख्खा पावसाळा कुठलं फिलर, कोणाकडून, हे समजून घेण्यात गेला. आपल्याकडे बायका हे करून घेतात आणि कोणाजवळ बोलत नाहीत, त्यामुळे ज्यांना करायचं असतं त्यांना विचारायलाही कोणी सापडत नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

माझं वय ४७. शुगर काठावर आली म्हणून वजन उतरवलं. वजन उतरलं, शुगर ताळ्यावर आली, पण गालफडं बसली. डोळ्यांच्या खाली सावली दिसायला लागली आणि नाकापासून ओठांपर्यंतची घडी खोल गेली. तब्येत कधी नव्हे इतकी चांगली, आणि जो भेटेल तो विचारायचा, "काय गं, बीमार होती का?" रोज रोज हे ऐकून जीव कंटाळला. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "कर, पण डॉक्टर नीट पाहून."

आमच्या नागपुरात रामदासपेठ आणि धंतोलीत स्किन क्लिनिकच्या पाट्यांना तोटा नाही. पहिल्या ठिकाणी डॉक्टर भेटलेच नाहीत. एक मुलगी टॅबलेट घेऊन बसली आणि थेट पॅकेजवर आली, इतक्या सिरिंज घेतल्या तर अमुक सूट. फिलरचं नाव विचारलं तर "इम्पोर्टेड आहे मॅडम," एवढंच उत्तर. चेहऱ्यात काय टोचणार हे ज्यांना सांगता येत नाही, त्यांच्या खुर्चीत कोणीच बसू नये असं माझं ठाम मत आहे. मी उठून आले.

पुढे एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्वचाविज्ञानात एम.डी., नाव मेडिकल कौन्सिलच्या यादीत, हे आधी बघून घेतलं होतं. त्यांनी कागद घेऊन गालाचं चित्र काढलं. वय वाढतं किंवा वजन झपाट्याने उतरतं तेव्हा कातडीखालच्या चरबीच्या गाद्या पातळ होतात आणि वरची कातडी खाली सरकते. म्हणून घडीत भरण्यापेक्षा गालाच्या हाडावर आधार द्यायचा, म्हणजे घडी आपोआप कमी होते. मग पर्याय समजावले.

पहिला, हायल्युरॉनिक ॲसिडचा जेल. हा पदार्थ आपल्या शरीरात असतोच. फिलरमध्ये त्याचे धागे रसायनाने एकमेकांत गुंतवतात, म्हणजे तो लवकर विरघळत नाही. पण सगळे जेल सारखे नसतात. ओठांत मऊ लागतो, गालाला ताठ, दाबलं तरी परत उभा राहणारा. जुव्हेडर्म व्होल्युमा हा या गटातला. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१३ मध्ये खास गालांचा भराव वाढवण्यासाठी त्याला मान्यता दिली. तो दोन वर्षांपर्यंत टिकू शकतो. रेस्टिलेन लिफ्ट हा दुसरा, तोही गालांसाठी वापरतात, साधारण वर्षभराचा हिशोब धरायचा.

दुसरा, रेडिएस. कॅल्शियम हायड्रॉक्सिलॲपेटाइटचे बारीक गोळे जेलमध्ये मिसळलेले, पांढरी दाट पेस्ट. जेल काही महिन्यांत विरतो आणि त्या गोळ्यांभोवती शरीर स्वतःचं कोलॅजन, म्हणजे कातडीला घट्टपणा देणारं प्रथिन, बनवतं. वर्ष-दीड वर्ष चालतो. सीटी स्कॅनमध्ये तो दिसतो, त्यामुळे स्कॅन करणाऱ्याला सांगावं लागतं.

तिसरा, स्कल्प्ट्रा, म्हणजे पॉली-एल-लॅक्टिक ॲसिड. याची गोष्ट मला सगळ्यात जास्त भिडली. २००४ मध्ये एफडीएने त्याला मान्यता दिली ती एचआयव्हीच्या रुग्णांच्या खपाटीला गेलेल्या गालांसाठी. चेहऱ्यावरून आजार ओळखू येऊ नये म्हणून धडपडणाऱ्या माणसांसाठी आलेलं औषध आहे हे. "बीमार होती का" हा प्रश्न ज्यांनी माझ्याहून कितीतरी जड ओझ्याखाली ऐकला, त्यांची मला तिथे बसल्या बसल्या आठवण झाली. स्कल्प्ट्राने गाल लगेच भरत नाही. काही आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन वेळा टोचून घ्यायचं, नंतर पाच दिवस, दिवसातून पाच वेळा, पाच-पाच मिनिटं मालिश करायची, आणि मग महिनोन् महिने वाट पाहायची. आतमध्ये गाठी होण्याचा धोका असतो, म्हणून मालिश चुकवून चालत नाही.

स्वतःच्या चरबीचं काय, हे विचारायला एका प्लास्टिक सर्जनकडेही जाऊन आले. पोटाची किंवा मांडीची चरबी काढून गालात भरतात. त्यातली काही शरीर शोषून घेतं, नेमकी किती ते आधी सांगता येत नाही. शिवाय वजन वाढलं की गालातली ती चरबीही वाढते. ते स्पष्टच म्हणाले, "तुमचं वजन अजून स्थिर झालेलं नाही, मी आत्ता करणार नाही." काम परत पाठवणारा डॉक्टर भेटला की भरवसा वाटतो.

घरी आल्यावर किंमत, टिकाऊपणा असं सगळं मांडत होते, पण माझा निर्णय एका वेगळ्याच गोष्टीवर झाला. हायल्युरॉनिक ॲसिड विरघळवता येतं. हायल्युरोनिडेज नावाचं एन्झाइम टोचलं की तो जेल विरतो. रेडिएस किंवा स्कल्प्ट्रासाठी असा उतारा नाही. आणि हा उतारा फक्त आकार आवडला नाही तर लागतो असं नाही. फिलरचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे ते चुकून रक्तवाहिनीत जाणं. कातडी पांढरी पडते, मग निळसर जाळी उमटते, खूप दुखतं, वेळेत इलाज झाला नाही तर तो भाग काळा पडून मरतो. चेहऱ्याच्या काही रक्तवाहिन्या डोळ्यांच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असतात, म्हणून क्वचित दृष्टी जाते, आणि गेलेली दृष्टी एन्झाइमने परत येईलच असं नाही. हे डॉक्टरांनी मी न विचारता सांगितलं. मी एवढंच विचारलं, "ते इंजेक्शन तुमच्याकडे आत्ता आहे का?" त्यांनी फ्रिज उघडून बाटल्या काढल्या आणि त्यांवरची तारीख दाखवली. कुठलंही फिलर घ्या, पण हा प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

माझ्यासाठी गालांचा ताठ हायल्युरॉनिक जेल ठरला, प्रत्येक गालात १ मिलीची एक सिरिंज. १ मिली म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा, त्यामुळे "चेहरा फुगून वेगळाच दिसेल" ही भीती तिथेच निम्मी झाली. सिरिंजमागे पंचवीस ते चाळीस हजारांचे भाव वेगवेगळ्या ठिकाणी ऐकले होते. मेडिक्लेममध्ये हे बसत नाही.

मुहूर्त दिवाळीनंतरचा धरला. टोचल्यावर काही दिवस उष्णता टाळायची असते आणि आपल्या नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तिथे काय टाळणार? दात साफ करून घेणं आधीच उरकलं, कारण दाताच्या कामातून जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि फिलरच्या आगेमागे दोन आठवडे ते नको असतं. फिश ऑइलच्या गोळ्या डॉक्टरांनी बंद करायला लावल्या. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध ज्यांना हृदयासाठी दिलेलं आहे, त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते कधीही थांबवू नये.

त्या दिवशी नंबिंग क्रीम लावून बसवलं. खुणा मला ताठ बसवून केल्या. आडवं पडलं की गाल कानाकडे सरकतात आणि खूण चुकते. सीलबंद डबा माझ्यासमोर उघडला, बॅच नंबरचा स्टिकर माझ्या फाइलला लावला. कातडीला एक छोटं भोक पाडून त्यातून बोथट टोकाची कॅन्युला, म्हणजे बारीक नळी, आत घातली. दुखलं फार नाही, जेलमध्येच लिडोकेन हे बधिर करणारं औषध असतं. पण आत सरकताना येणारा कुरकुर आवाज थेट हाडातून कानात येतो, तो मला कोणी आधी सांगितला नव्हता. प्रत्येक वेळी थोडं भरलं की डॉक्टर हात थांबवायच्या, अंगठ्याने गाल दाबून सोडायच्या आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघायच्या. त्यांची ती न बोलता मोजणारी नजर पाहून मी इतका वेळ आवळून धरलेली खुर्चीची कड सोडली.

शेवटी सिरिंजच्या टोकाला उरलेला थेंब त्यांनी माझ्या बोटावर ठेवला. काचेसारखा स्वच्छ, बोटाने दाबला की चपटा व्हायचा आणि सोडला की परत वर यायचा. गालात काय गेलं ते मी स्वतः हात लावून पाहिलं.

सूज आली, डावीकडे निळा डागही पडला. उशी उंच करून उताणं झोपायचं, गाल चोळायचे नाहीत, फेशियल नाही, जिम काही दिवस बंद. डाग हळदीसारखा पिवळा होऊन गेला. अचानक दुखायला लागलं, कातडी पांढरी किंवा जाळीदार झाली, नजर अंधुक झाली तर रात्र असो की दिवस, फोन करायचा, असं सांगून त्यांनी स्वतःचा नंबर दिला होता. सुदैवाने तो लावावा लागला नाही.

फेरतपासणीला उजवा गाल केसभर कमी भरलेला दिसला. बाई म्हणाल्या, थोडं अजून घालता येईल, पण घाई नको. मीही नको म्हटलं. जन्मतःच माझे दोन गाल सारखे नव्हते, जुन्या फोटोंत दिसतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या काकूंनी हनुवटी धरून विचारलं, "झोप व्हायला लागली वाटतं आता?" मी त्यांना खरं काय ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेचा फोन आला, डॉक्टर कोण म्हणून. नाव दिलं आणि फ्रिज उघडून दाखवायला सांग, हेही सांगितलं.