सॅम्पलची बाटली कोणाच्या हातात?

काल रात्री साडेअकराला परत तो वास आला. डोंबिवलीत एमआयडीसीच्या बाजूला राहणाऱ्यांना "तो वास" म्हणलं की पुढे काही सांगावं लागत नाही, सडक्या कोबीसारखा, मध्येच आंबट, घशात खवखवणारा, आणि येणार तो नेमका रात्री नाहीतर रविवारी. बायकोने उठून खिडक्या लावल्या, पंखा पाचवर, झोप गेलीच होती म्हणून हे लिहायला बसलो.

बाहेरच्यांना डोंबिवली म्हणजे जानेवारी २०१४ चा हिरवा पाऊस आणि फेब्रुवारी २०२० चा गुलाबी रस्ता. रस्ता बघायला तर तेव्हाचे मुख्यमंत्री स्वतः आले होते. मे २०१६ च्या स्फोटात १२ माणसं गेली, मे २०२४ ला परत स्फोट. मधल्या काळात, २०२२ मध्ये, १५६ धोकादायक कारखाने पाताळगंगेला हलवायचं ठरलं होतं. असो. (पाताळगंगेकाठच्या लोकांना कोणी विचारलं होतं का हा वेगळाच विषय.)

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर वेळी एक वाक्य ठरलेलं, "आपल्याकडे कायदेच नाहीत हो". अहो कायदे ढिगाने आहेत. पाण्याच्या प्रदूषणाचा केंद्राचा कायदा आला १९७४ ला, महाराष्ट्राने स्वतःचा त्याआधीच १९६९ ला केला होता आणि १९७० पासून आपलं प्रदूषण नियंत्रण बोर्ड आहे. हवेचा कायदा १९८१, भोपाळनंतर पर्यावरणाचा १९८६. कारखाना उभारायला बोर्डाची परवानगी म्हणजे कन्सेंट, चालवायला वेगळा कन्सेंट, त्यात लिहिलेलं असतं सांडपाणी किती, पीएच (आम्ल-अल्कली) ५.५ ते ९, बीओडी ३०, सीओडी २५० च्या आत (हे दोन म्हणजे पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते त्याची मापं, लिटरला मिलिग्रॅममध्ये). कागद बघितला तर नदीत मासे उड्या मारतील. तो आकडा मोजतो कोण, खरी मेख तिथे आहे.

हे मी सांगतोय कारण बीएस्सी केमिस्ट्री झाल्यावर दोन वर्ष मी एका कंपनीच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर होतो. नाव नको. माझं काम काय तर लॉगबुक भरायचं. पीएच ७.२, ७.३, ७.१, परत ७.२. कधीकधी अख्ख्या आठवड्याचं एका बसणीत भरायचो आणि त्यासाठी दोन-तीन वेगवेगळी पेनं ड्रॉवरमध्येच ठेवलेली, एकाच शाईत सात दिवस दिसायला नको म्हणून! तपासणी आहे हे आम्हाला आदल्या दिवशी कळायचं, कसं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, मग आउटलेटच्या टाकीत बोअरचं पाणी सोडायचं, सॅम्पल एकदम स्वच्छ. आणि जुलै-ऑगस्टात तर आमचे शिफ्ट इनचार्ज म्हणायचे, "पाऊस म्हणजे फुकटची ईटीपी रे बाबा", रात्री जोराची सर आली की व्हॉल्व्ह उघडा आणि नाल्यात जाऊ दे. मालक राक्षस होता असं नाही, पोरांच्या फिया भरायचा कामगारांच्या. पण ईटीपी नीट चालवायची तर वीज, केमिकल, गाळ तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात पाठवायचा खर्च, आणि शेजारचा प्लॉटवाला करत नसेल तर मीच का करू, हा हिशोब. मी पण सही करत होतोच की, पगार तिथूनच यायचा.

म्हणूनच गुजरातमधला एक अभ्यास वाचला तेव्हा मला काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. अहमदाबाद-सुरत भागातले ४७३ कारखाने, २००९ ते २०११. तिथे प्रदूषण मोजणारा ऑडिटर कारखान्यानेच निवडायचा आणि पैसे पण त्यानेच द्यायचे अशी पद्धत. चिमणीच्या धुळीची मर्यादा घनमीटरला १५० मिलिग्रॅम होती आणि रिपोर्टमधले आकडे कुठे, तर १५० च्या जरासे खाली, एका रांगेत उभे. रिपोर्टप्रमाणे मर्यादा तोडणारे ७ टक्के, परत मोजलं तर ५९ टक्के. मग अर्ध्या कारखान्यांना ऑडिटर चिठ्ठी टाकून दिला, पैसे एका वेगळ्या फंडातून, आणि त्याने मोजलेलं मधूनच दुसरा माणूस जाऊन परत तपासणार. खोटे रिपोर्ट ८० टक्क्यांनी कमी झाले आणि महत्त्वाचं म्हणजे कारखान्यांनी धूर पण कमी केला. मर्यादा तीच होती हां, एका शब्दाने बदलली नव्हती. सुरतमध्ये २०१९ पासून चिमणीला मीटर लावून धूळ सोडायच्या परमिटची कारखान्यांमध्ये खरेदी-विक्री सुरू केली, तिथेही धूळ २० ते ३० टक्के खाली आली. म्हणजे धोरण चालतं, भारतातच चालतं.

आपण काय केलं? १९८६ च्या कायद्यात ५ वर्षांपर्यंत जेल होती, ती २०२३ च्या जनविश्वास कायद्याने काढली, आता १० हजार ते १५ लाख दंड. जेलमध्ये तसंही कोण जात होतं म्हणा, पण १५ लाख म्हणजे मोठ्या कंपनीला काय, दिवाळीच्या मिठाईचं बिल. केंद्राच्या प्रदूषण निर्देशांकात २००९ ला डोंबिवली ७८.४१ होती, ७० च्या वर म्हणजे अतिगंभीर. २०१८ ला ६९.६७ आली. सत्तरच्या जरासं खाली! चांगलं झालं की, पण आमच्या खिडक्या अजून बंदच.

सकाळी स्टेशनला जाताना एका गेटपाशी मुद्दाम थांबलो. सुप्रीम कोर्टाच्या आदेशामुळे घातक कचरावाल्या कारखान्यांना गेटबाहेर बोर्ड लावावा लागतो, पाणी किती, हवा कशी, कचरा किती. बोर्ड आहे, धूळ खाल्लेला, निम्मा गुलमोहराच्या फांदीआड. तारखेची जागा कोरी. पीएचच्या पुढे ७.२ लिहिलंय, ऑइल पेंटने.