आमची वाटचाल : आधी हेड, मग पंप

म्हापशात आमचे दुकान सुरू झाले ते जळालेल्या मोटारींचे वाइंडिंग करून देण्यासाठी. पंप विकण्याचा विचार तेव्हा नव्हता. पण त्याच त्या इमारतींचे पंप पुन्हा पुन्हा दुरुस्तीला येऊ लागले, कधी बेअरिंग गेलेले, कधी सील गळणारे, आणि ते खोलून पाहता पाहता ध्यानात आले की दोष बहुतेक वेळा पंपाच्या बनावटीत नसून निवडीत आहे. तेव्हापासून निवडीचे काम आम्ही स्वतःकडे घेतले.

ग्राहक आजही ‘पाच एचपीचा पंप द्या’ असे म्हणतच येतात. आम्ही आधी इमारतीची मापे घेतो. पर्वरीतील २४ सदनिकांची एखादी इमारत घ्या. घरटी ५ माणसे आणि माणशी दिवसाला १३५ लिटर धरले, तर रोजची गरज १६,२०० लिटर होते, आणि ते पाणी दोन तासांत वर चढवायचे तर पंपाने मिनिटाला १३५ लिटर दिले पाहिजेत. संपमधील (जमिनीखालच्या टाकीतील) सर्वांत खालच्या पातळीपासून गच्चीवरील टाकीच्या तोंडापर्यंत २१ मीटर आणि पाइप, बेंड व व्हॉल्व्ह यांतील घर्षणाचे ४ मीटर, असे हेड, म्हणजे पंपाला पेलावी लागणारी एकूण उंची, २५ मीटर भरते. पंपाची कार्यक्षमता ४५ टक्केच धरली तरी या कामाला दोन एचपी पुरतात. तेथे ४५ मीटर हेडचा पाच एचपी पंप बसवला, तर समोरचा अडसर कमी असल्याने तो नेमून दिलेल्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी ढकलतो आणि मोटार जास्त अँपिअर ओढू लागते. हेड कमी झाले की भार वाढतो, हे अनेकांना उलटे वाटते. म्हणून सोसायटीच्या समितीसमोर आम्ही डिलिव्हरीचा (पाणी बाहेर जाणाऱ्या बाजूचा) व्हॉल्व्ह थोडा आवळून क्लॅम्प मीटरचा, म्हणजे वीजप्रवाह मोजणाऱ्या मापकाचा, आकडा खाली येताना दाखवतो. अर्थात हा कायमचा इलाज नव्हे, कारण आवळलेल्या व्हॉल्व्हवर विजेचे पैसे रोज वाया जातात.

विहिरींचा प्रश्न वेगळा आहे, आणि आमच्या मते तोच अधिक दुर्लक्षित आहे. डिचोली-पेडण्याकडे जांभ्या दगडातील विहिरींचे पाणी एप्रिल-मेमध्ये खोल जाते, काठावरचा मोनोब्लॉक (मोटार व पंप एकत्र असलेला संच) पाणी उचलेनासा होतो, आणि लोक मोठा पंप मागतात. परंतु पंप पाणी ओढत नसतो. हवेचा दाब ते वर ढकलतो, आणि समुद्रसपाटीला ही मर्यादा गणिताने सुमारे १०.३ मीटर असली तरी प्रत्यक्षात ६-७ मीटरच्या पुढे भरवसा धरता येत नाही. एचपी वाढवून ही मर्यादा हलत नाही. पंप खाली उतरवावा किंवा सबमर्सिबल (पाण्यात बुडून चालणारा पंप) टाकावा. सक्शनला (पाणी आत येणाऱ्या बाजूला) आकसलेला पाइप किंवा चोंदलेला फूट व्हॉल्व्ह (त्या पाइपच्या तळाची झडप) असेल, तर पंपात खडी फिरत असल्यासारखा आवाज येतो. पाण्यात झालेले वाफेचे बुडबुडे इंपेलरवर (पंपातील फिरत्या पात्यांच्या चाकावर) फुटत असतात, आणि असा इंपेलर काढला की पात्यांच्या मुळाशी बोटाला खरखरीत खड्डे लागतात.

किनाऱ्यावर, कांदोळी-कळंगुट पट्ट्यात, जेथे विहिरीचे पाणी मचूळ आहे, तेथे साध्या बिडाचा इंपेलर आम्ही देत नाही. ब्राँझ किंवा ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील सुचवतो.

अलीकडे ‘व्हीएफडी बसवा, वीज निम्मी होईल’ असे सरसकट सांगितले जाते. व्हीएफडी म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण. वेग ८० टक्के केला की शक्ती ५१ टक्क्यांवर येते हे खरे, पण ते घर्षणच मुख्य असते अशा व्यवस्थेत. गच्चीची टाकी भरताना उंचीच मुख्य असते, आणि वेग फार उतरवला तर पाणी टाकीपर्यंत पोचणारच नाही. त्यामुळे थेट नळांना दाब देणाऱ्या, दिवसभर कमी-जास्त मागणीच्या हॉटेलांना आम्ही व्हीएफडी देतो; टाकी भरण्यासाठी मात्र योग्य निवडलेला साधा पंप आणि ४० ऐवजी ५० मिलिमीटरचा पाइप सुचवतो, कारण तेवढ्याच प्रवाहाला त्यातील घर्षण साधारण एक तृतीयांश होते.

आज पंप सुपूर्द करताना आम्ही त्याचा वक्र (कोणत्या हेडला किती पाणी मिळते हे दाखवणारा आलेख) पंपघरात लावतो, त्यावर कामाचा बिंदू लाल शाईने दाखवतो आणि सुरुवातीचा दाब व अँपिअर शेजारी लिहून ठेवतो. चतुर्थीला घरे पाहुण्यांनी भरण्याआधी राखणदाराने हे दोन आकडे पुन्हा पाहावेत, एवढी आमची विनंती असते.