गोव्याच्या पावसात चालेल अशी कॅमेऱ्याची सॅक

कॅमेऱ्याची सॅक घ्यायला गेलं की दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती लिटरची?" मला तो आकडा फारसा उपयोगी पडला नाही. मी फोंड्याला राहते. पक्ष्यांचे फोटो काढते, पावसाळ्यात बेडकांचे. माझं फिरणं मोले, बोंडला, तांबडी सुर्ल, चोडण आणि करमळीचं तळं या टापूत, बहुतेक वेळा स्कूटरवरून. निकॉन डी ५०० कॅमेरा आणि दूरचे पक्षी टिपायची २००-५०० मिमीची लेन्स एका खांद्यावरच्या पिशवीत नेणं मानेला झेपेना, तेव्हा पाठीवर नीट बसणारी सॅक शोधायला लागले. त्या शोधात जे हाती लागलं ते सविस्तर लिहिते, कारण इथल्या पावसाला आणि दमट हवेला काय लागतं ते बॅगांच्या जाहिरातींत क्वचितच सापडतं.

सुरुवात घरातल्या काट्यापासून केली. बॉडी, म्हणजे लेन्सशिवाय नुसता कॅमेरा, बॅटरी-कार्डासकट ८६० ग्रॅम, लेन्स कॉलरसकट (तिपाईवर बसवायचं कडं) २३०० ग्रॅम. म्हणजे नुसती जोडीच तीन किलोच्या वर. त्यात अगदी जवळून फोटो काढायची मॅक्रो लेन्स, फ्लॅश, रेनकोट, एक लिटर पाणी आणि सॅकचं स्वतःचं वजन धरलं की आकडा सातच्या पुढे जातो. मग टेप घेतली. लेन्स २६७.५ मिमी लांब आणि १०८ मिमी जाड. ती बॉडीला लावलेलीच सॅकमध्ये आडवी राहायला हवी होती, कारण झाडावर धनेश बसलेला असताना लेन्स जोडत बसायला वेळ नसतो. दोन्ही मिळून ३५ सेंमीच्या आसपास, उलटा बसवलेला हूड (लेन्सच्या तोंडावरचं ऊन अडवणारं नळकांडं) धरला की जाडीही वाढते. त्यामुळे कॅमेऱ्याच्या कप्प्याची आतली लांबी ४० सेंमी असावी, हे माझं पहिलं माप ठरलं. ३० लिटरच्या कितीतरी सॅक या मापात नापास होतात, कारण त्यांचा वरचा अर्धा भाग जेवणाच्या डब्यासाठी आणि जॅकेटसाठी राखलेला असतो. २० लिटरच्या एखाद्या सॅकमध्ये मात्र जोडी आरामात मावते.

आमच्या पक्षीनिरीक्षणाच्या गटात एक काका आहेत, पूर्वी सह्याद्रीत पुष्कळ ट्रेक केलेले. त्यांना विचारलं तर म्हणाले, "बाय, आधी पाठ मोज. सॅक नंतर बघ."

पाठ मोजायची रीत सोपी आहे, फक्त दुसरं माणूस लागतं. मान खाली घातली की मानेच्या बुडाशी एक मणका उंच येतो, तिथून मोजायला सुरुवात. दोन्ही हात कमरेवर ठेवले की हाडाचा वरचा कठडा लागतो. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी रेघ पाठीच्या कण्याला जिथे छेदते तिथवर माप घ्यायचं. वहिनीनं शिवणाची टेप धरली. "मान अजून खाली घाला बघू वन्सं," म्हणत तिनं दोनदा मोजलं. ४१ सेंमी भरलं. उंचीवरून हे माप कळत नाही. उंच माणसाची पाठ आखूड आणि पाय लांब असू शकतात.

या एका आकड्यानं निवड बरीचशी सोपी झाली. ट्रेकिंगच्या चांगल्या सॅकमध्ये पट्टे वर-खाली सरकवून पाठीची लांबी जुळवता येते. कॅमेऱ्याच्या सॅकमध्ये ती सोय कमी असते, पट्टे एका जागी शिवलेले असतात. माझ्यासारख्या आखूड पाठीच्या बाईनं मोठ्या मापाची सॅक घातली तर कमरेचा पट्टा हाडावर न बसता खाली मांडीशी येतो, आणि सगळा भार परत खांद्यांवर. कमरपट्टा असणं आणि तो कमरेच्या हाडावर बसणं यात फार अंतर आहे. नुसती दोन सेंमीची नाडी असलेला पट्टा भार उचलत नाही, तो फक्त सॅक हलू देत नाही. भार उचलायला रुंद, भरलेला पट्टा हवा आणि पाठीला ताठ पत्रा किंवा चौकट हवी, म्हणजे वजन खाली उतरतं. बायकांनी आणखी एक बघावं: छातीचा पट्टा वर सरकवता येतो का. गळ्याच्या हाडाखाली, छातीच्या वरच्या बाजूला तो बसला पाहिजे, नाहीतर श्वास घेताना त्रास होतो आणि खांद्याचे पट्टे काखेत रुततात.

गटातल्या मैत्रिणींच्या आणि काकांच्या सॅक मी करमळीच्या तळ्यावर, माझं सामान भरून, घालून पाहिल्या. रिकामी सॅक घालून काहीच कळत नाही. वजन भरून अर्धा तास चाललं की खांद्याचं शिवण कुठे बोचतं, पाठीशी हवा खेळते की नाही, चालताना कुईकुई आवाज येतो का, हे सगळं कळतं. आवाजाचा मुद्दा पक्षी टिपणाऱ्यानं हलका धरू नये.

आता उघडण्याची बाजू. माझ्या मते गोव्यासाठी हाच सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

पुढून उघडणारी सॅक उघडायची तर पाठीची बाजू जमिनीवर टेकवावी लागते. जूननंतर मोल्याच्या वाटेवर तांबड्या मातीचा चिखल असतो, त्यात जळवा. तोच चिखल आणि त्याच जळवा मग आपल्या पाठीवर. पाठीच्या बाजूनं उघडणाऱ्या सॅकचं उलट: तोंड चिखलात, पाठ आभाळाकडे, आणि अंगाला लागणारी बाजू स्वच्छ. त्याहून मोठा फायदा असा की खांद्याचे पट्टे सोडून, कमरपट्टा तसाच बांधलेला ठेवून सॅक पोटाकडे फिरवता येते. ती समोर फळीसारखी आडवी राहते, चेन उघडायची, लेन्स काढायची, सॅक जमिनीला लागतच नाही. चोडणच्या सलीम अली अभयारण्यात होडीतून फिरताना होडीच्या तळाशी पाणी असतं, तिथे या रचनेचं मोल कळलं. शिगमोच्या मिरवणुकीत गर्दी असते तेव्हाही कप्प्याची चेन आपल्या पाठीला टेकलेली असते, मागून कुणाचा हात पोचत नाही. कडेनं उघडणाऱ्या सॅक शहरात फिरायला छान, छोटी लेन्स पटकन निघते, पण २००-५०० बॉडीसकट त्या फटीतून काढणं कठीण.

एक वेगळा मार्गही मी गांभीर्यानं तपासला. साध्या ट्रेकिंगच्या सॅकमध्ये कॅमेऱ्यासाठी वेगळा मऊ डबा ठेवायचा. पाठीला बसणं उत्तम, पाऊस सोसणं उत्तम, आणि डबा बाहेर काढून वेगळा वाळवता येतो. चार-पाच दिवसांच्या पदभ्रमणाला जाणाऱ्यानं हेच घ्यावं. माझं फिरणं सकाळचं, काही तासांचं, आणि दर थोड्या वेळानं कॅमेरा आत-बाहेर. वरच्या तोंडातून प्रत्येक वेळी पंचा-रेनकोट उपसून खाली पोचणं मला परवडणारं नव्हतं. तरी त्यातली एक गोष्ट उचलली: आतला मऊ डबा सुटा निघणारी सॅकच घ्यायची.

पावसाबद्दल बोलायचं तर पणजीत वर्षाला साधारण ३००० मिमी पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि घाटाकडे त्याहूनही अधिक. अशा पावसात सॅकबरोबर येणारं रेनकव्हर अर्धंच काम करतं. ते बाहेरची बाजू झाकतं, पाठीची बाजू उघडीच राहते. मानेवरून आणि रेनकोटवरून ओघळणारं पाणी पाठ आणि सॅक यांच्यामध्ये उतरतं, फोम ते पितो, आणि पाठीच्या बाजूची चेन असेल तर तिच्यापाशी साचतं. म्हणून मी आत गुंडाळून बंद होणारी जलरोधक पिशवी वापरते, कॅमेरा त्यात आणि ती डब्यात. कव्हरच्या तळाला पाणी निघून जायला भोक आहे का तेही पाहावं, नाहीतर तिथे पाण्याची थैली तयार होते. रबरासारखा थर दिलेल्या चेन पाणी थोपवतात, पूर्ण अडवत नाहीत, शिवाय त्या कडक असतात. एका हातानं उघडून बघितल्याशिवाय घेऊ नयेत.

स्कूटरचा विचार दुकानात कुणी करत नाही. सॅक खांद्याच्या वर आली तर मान मागे घेताना हेल्मेट तिच्यावर आपटतं, म्हणून हेल्मेट घालूनच सॅक घालून पाहिली. सीटवर बसल्यावर सॅकचा तळ मागच्या सीटला नुसता टेकला तर भार हलका होतो, जोरात टेकला तर सॅक वर ढकलली जाते आणि पट्टे सैल पडतात. पायाशी, स्कूटरच्या पाटावर, लेन्स कधीच ठेवत नाही, तिथे रस्त्याचे सगळे धक्के थेट पोचतात. सॅक पाठीवर असली की शरीर ते धक्के खातं. लोंबणारी पट्ट्यांची टोकं मात्र गुंडाळून रबरानं बांधते, चाकात जायला नकोत.

शेवटी पणजीत अठरा जून मार्गाजवळच्या एका दुकानात माझ्या मापाची सॅक मिळाली. पाठीनं उघडणारी, आतली लांबी ४२ सेंमी, डबा सुटा, कमरपट्टा भरलेला. सगळं सामान बरोबर नेलं होतं. दुकानदारानं भरू दिलं, हेल्मेटही घालू दिलं. "मॅडम, असं सगळ्यांनी केलं तर परत द्यायला कोण येणार नाही," म्हणाला. त्याच्याकडेच मी शिवण तपासलं: खांद्याचे पट्टे जिथे सॅकला जोडतात तिथे चौकोनात फुली अशी शिलाई हवी, एकेरी नको.

घेतल्यानंतरचं काम इथल्या हवेमुळे वाढतं. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. सॅकचा फोम ओल धरून ठेवतो, आत अंधार, हवा बंद, आणि लेन्सच्या काचेवर बुरशी धरायला एवढं पुरेसं असतं. म्हणून सॅक फक्त नेण्या-आणण्यासाठी. घरी आल्याबरोबर कॅमेरा आणि लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर जातात, आत छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवते. आतला मऊ डबा आणि पार्टिशनं काढून सॅक पंख्याखाली उघडी टांगते. ओलं रेनकव्हर खिशात कोंबून ठेवलं तर त्याचा आतला पॉलियुरेथेनचा थर दमटपणानं विरघळत जातो, आधी चिकट होतो, मग पापुद्रे सुटतात, आणि एकदा सुटायला लागले की उपाय नाही. सॅक प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकणं हाही तोच प्रकार. किनाऱ्यावर जाऊन आलं की चेनचे रनर गोड्या पाण्याच्या फडक्यानं पुसून, वाळल्यावर दातांवर मेणबत्ती फिरवते, खाऱ्या हवेनं रनर गंजतात. रनर गेलाच तर चेन पूर्ण बदलायची गरज नसते, बॅगा दुरुस्त करणारे नुसता रनर बसवून देतात.

विमानप्रवास करणाऱ्यांसाठी शेवटची माहिती. देशांतर्गत विमानात केबिनमध्ये सहसा एकच बॅग आणि ७ किलोची मर्यादा असते, माप बहुधा ५५ x ३५ x २५ सेंमी. माझी सॅक मापात बसते, भरल्यावर वजनात बसत नाही. मोपा विमानतळावर जाताना पाणी आणि फ्लॅशची बॅग चेक-इनला जातात, बॉडी आणि लेन्स गळ्यात राहते. सुट्या बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात चालत नाहीत, त्या केबिनमध्येच न्याव्या लागतात. डी ५०० ची बॅटरी साधारण १४ वॅट-अवरची, १०० च्या मर्यादेच्या बरीच खाली. प्रत्येकीला तिची प्लॅस्टिकची टोपी लावून एका छोट्या पाकिटात, सॅकच्या सगळ्यात वरच्या खिशात ठेवते, म्हणजे तपासणीत मागितल्या तर लेन्सचा कप्पा उघडावा लागत नाही.