सोलापूर, तीन ओळींची यादी आणि एक धोटा

सोलापूरला मी लग्नासाठी गेले होते. त्या लग्नाविषयी लिहिण्यासारखे एवढेच, की मार्चअखेरच्या उकाड्यात पत्र्याच्या मांडवाखाली बसून कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाणारी सगळी पाहुणे मंडळी माझ्यापेक्षा कितीतरी आनंदात होती. दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वराचे दर्शन झाले. तिसऱ्या दिवशी सगळे अक्कलकोटला निघाले, तेव्हा मी डोके दुखत असल्याचे सांगून मागे राहिले. डोके मुळीच दुखत नव्हते. माझ्या पर्समध्ये मोजायची टेप होती, फ्रिजच्या दारावरून काढून आणलेले एक लोहचुंबक होते आणि तीन ओळींची यादी होती.

या यादीमागचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. पुण्यात आमचे घर दोन खोल्यांचे आहे, आणि रविवारी व बुधवारी भरणाऱ्या तिथल्या जुन्या बाजारातून मी आठ-नऊ वर्षांत त्या दोन खोल्यांमध्ये तीन घंगाळे, दोन बंब, चिनीमातीच्या सात बरण्या, डायल फिरवायचा एक मुका टेलिफोन आणि कोणाच्या तरी देवघराची अर्धी महिरप आणून ठेवली होती. माळा भरला, मग पलंगाखालची जागा भरली, आणि एके दिवशी नवऱ्याने घरी आलेल्या पाहुण्यांना चप्पल काढण्याआधीच "पाय जपून ठेवा" असे बजावले. त्या दिवाळीत मी बहुतेक सामान काढून टाकले. पितळ मोडीच्या भावाने वजनावर गेले, बरण्या नातेवाइकांनी नेल्या आणि महिरप कोणीच नेली नाही. हाती आलेले पैसे मोजताना माझ्या लक्षात आले, की यातली एकही वस्तू मी घरासाठी घेतलेली नव्हती. स्वस्त मिळते आहे आणि पुन्हा दिसणार नाही, या दोन कारणांपलीकडे तिसरे कारण मला एकाही वस्तूबाबत सांगता येईना. नव्या वस्तूंच्या दुकानात ही घाई होत नाही, कारण तीच वस्तू उद्याही तिथेच असणार हे ठाऊक असते.

तेव्हापासून मी जागा आधी मोजते आणि वस्तू नंतर पाहते. सोलापूरला नेलेल्या यादीत पहिली ओळ बेसिनवरच्या आरशाची होती. नळ आणि खिडकी यांच्यामध्ये जागा अठरा इंच आहे, म्हणून आरसा चौकटीसह अठरा इंचांपेक्षा रुंद नको. दुसरी ओळ जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीची होती. तिथे दर पावसाळ्यात ओल येते आणि रंगाचे पोपडे निघतात, त्यामुळे पाच-साडेपाच फूट रुंदीचे, काढून धुता येईल असे काहीतरी तिच्यावर हवे होते. तिसरी ओळ दाराशेजारच्या फळीवर किल्ल्या ठेवण्यासाठी एखाद्या वस्तूची होती, आणि तिची लांबी फळीएवढी, म्हणजे सोळा इंचांच्या आत असायला हवी होती.

टिळक चौकात रिक्षा सोडून मी चाटी गल्लीतल्या साड्यांच्या दुकानांकडे मान न वळवता पुढे गेले, आणि ही गोष्ट मी स्वतःच्या श्रेयात जमा करते. ज्या बोळात जुन्या सामानाची दुकाने सापडली त्याचे नाव मी येथे देणार नाही. एकदा नाव लिहिले की चार लोक जातात, चार लोक गेले की भाव चढतात, आणि माझी एक वस्तू तिथून अजून आणायची राहिली आहे. दुकाने म्हणजे तरी काय, पुढे ताडपत्री आणि आत अंधार. अकराच्या सुमारास बोळात उभे राहवत नव्हते आणि आत शिरले की धुळीने शिंका येत होत्या.

पहिल्या दुकानात सागवानी चौकटीचा आरसा होता, कोपऱ्यांवर कोरलेली वेल होती आणि काचेचा पारा कडेकडेने उडून त्यावर काळसर नक्षी उमटली होती. जुन्या आरशांवरची ही नक्षी मला फार आवडते. रुंदी बावीस इंच भरली. दुकानदाराने चौकट दोन्ही बाजूंनी कापून देण्याची तयारी दाखवली, आणि खरे सांगायचे तर मी क्षणभर विचारही केला, कारण माझी जुनी सवय अशाच वेळी डोके वर काढते. सुदैवाने त्यांनी चौकटीवर थाप मारली आणि खालच्या कडेतून पिठासारखा बारीक भुसा गळला. भुसा असा ताजा गळत असेल तर लाकडात कीड जिवंत असू शकते, आणि ती नंतर घरातल्या इतर लाकडावरही चढू शकते. तिथेच एक समई होती, भरीव पितळेची म्हणून दाखवलेली. मी चुंबक लावले, तर ते समईला जे चिकटले ते ओढून काढावे लागले. पितळेला चुंबक चिकटत नाही. आत लोखंड आणि वरून मुलामा असला की चिकटते. "पॉलिश आहे अक्का, पॉलिशला चिकटतंय," असे उत्तर मिळाले. समई माझ्या यादीत नव्हतीच, मग मी चुंबक कशासाठी लावले, याचे उत्तर मात्र मला देता येत नाही.

शेवटच्या दुकानात पोत्यात भरलेले धोटे होते, मागावर आडवे सूत घेऊन धावणारे. सोलापूरची पहिली कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली आणि तिला लोक जुनी मिल असेच म्हणत आले. पुढे येथे आणखी गिरण्या उभ्या राहिल्या, कालांतराने त्यातल्या बहुतेक मोठ्या गिरण्यांचे भोंगे थांबले, आणि त्यांचे लाकूड-लोखंड अशा दुकानांतून अजून झिरपते आहे. धोटा म्हणजे होडीच्या आकाराचा लाकडी ठोकळा. दोन्ही टोकांना पोलादी अणी, मध्ये पोकळ पोट, आणि वर्षानुवर्षे दोरांवरून धावून लाकडाला आलेली अशी झिलई की हात फिरवतच राहावा. पुण्यातल्या एका कॉफीच्या दुकानात मी भिंतभर लावलेले धोटे पाहिले होते, आणि यादीतली दुसरी ओळ, ती ओल आलेली भिंत, मला एकदम दिसू लागली. वीस धोटे, पाच रांगा, एका रांगेत चार. काढून धुता येईल असे काहीतरी हवे होते, हे मी सोयीस्करपणे विसरले.

दुकानाचे मालक सत्तरीच्या पुढचे होते. शेजारच्या माणसाशी ते तेलुगूत बोलत आणि माझ्याशी मराठीत, पण दोन्ही भाषांत अतिशय मोठ्याने, कारण तीस वर्षे मागावर काढल्यामुळे कानांनी ऐकू येणे जवळजवळ थांबले होते. मी काय म्हणते ते ते ओठांवरून ओळखत होते. एका धोट्याचे दीडशे रुपये, विसांचे तीन हजार, असा हिशेब झाला.

"वीस काय करणार अक्का? माग बसवताय का?"

मी भिंतीवर लावणार असल्याचे हातवाऱ्यांनी सांगितले. ते हसले नाहीत. त्यांनी एक धोटा उचलला, पोटात सुताची कांडी कशी बसते ते दाखवले, आणि मग बाजूच्या बारीक भोकाला तोंड लावून जोराने श्वास आत ओढला. कांडी संपली की नवी बसवायची आणि सुताचे टोक या भोकातून असे ओढून बाहेर काढायचे. दिवसातून किती वेळा, ते मोजलेले नाही. "सूत यायचं, बरोबर कापसाची धूळ पण यायची. आपण ओढायचो, पाळी बदलली की त्याच धोट्याला दुसरा तोंड लावायचा."

हे मी मुंबईच्या गिरण्यांविषयी वाचले होते. तिथे विणकाम खात्यात पगार अधिक असे, आणि अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात शिरू दिले जात नसे. त्यासाठी कारण दिले जाई ते धोट्याला लावाव्या लागणाऱ्या तोंडाचे, म्हणजे विटाळाचे. १९२८-२९ च्या संपांच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. वाचताना ते सगळे मला समजले होते. पण भोकाच्या कडेला ओठांनी झिजून गुळगुळीत झालेली जागा बोटाला लागली तेव्हा मी पाच रांगांचा हिशेब मनातल्या मनात पुसून टाकला.

मालकांना माझ्या गप्प होण्याशी काही देणेघेणे नव्हते. त्यांनी पोते पुन्हा बांधायला घेतले. "एक न्या. एक असला की लोक विचारतील हे काय आहे. वीस लावले की तुमच्या भिंतीवर माझंच दुकान." समोर चालून आलेला तीन हजारांचा धंदा एखादा दुकानदार असा मोडून टाकतो, हे मी यापूर्वी कधी पाहिले नव्हते. एकाचे त्यांनी शंभरच घेतले. मी टेप काढली. लांबी पंधरा इंच भरली. टेपकडे पाहून त्यांनी कारण विचारले आणि मी यादीतली तिसरी ओळ वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी धोट्याच्या पोकळीवर बोट ठेवले. "मग पोटात किल्ल्या ठेवा की." मला ते कसेसेच वाटले, त्यांना मुळीच वाटले नाही, आणि धोट्यावर अधिकार कोणाचा मोठा, याविषयी मला शंका नव्हती.

बाजारात एवढे निभावले, पण खरी परीक्षा आत्याच्या घरी होती. विकत घेतलेल्या वस्तूंपेक्षा प्रेमाने दिलेल्या वस्तू घर अधिक लवकर भरतात, आणि सोलापूरच्या आदरातिथ्यात नको हा शब्द ऐकू येत नाही. मी जुने सामान शोधत हिंडले हे कळताच आत्याने फडताळ उघडले. तांब्याचा बंब, पितळी घंगाळ, न वापरलेला स्टीलचा डिनर सेट, सगळे अंगणात आले. मी एकेक वस्तू मोजू लागले तसा तिचा चेहरा उतरला. "विकतचं चालतं, आमचं जुनं झालं म्हणून नको," असे ती म्हणाली, आणि यावर देण्यासारखे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

त्या ढिगाच्या तळाशी एक चादर होती. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि त्या नावाने काहीही विकले जाते हेही खरे आहे, पण ही पंचवीस वर्षांपूर्वीची, सुती, नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागावरची अस्सल चादर होती: एका अंगाने तांबड्यावर पांढरे मोर, दुसऱ्या अंगाने तेच मोर तांबडे आणि पार्श्वभूमी पांढरी. रुंदी पाच फूट, लांबी साडेसात. वरची बाजू दुमडून काठीवर टाकली की टेबलामागची भिंत झाकली जाते, ओल आली की चादर काढून धुता येते, आणि कंटाळा आला की उलटी करून टांगली म्हणजे दुसरी घ्यावी लागत नाही. मी ती छातीशी धरल्यावर आत्या निवळली. घंगाळ मात्र तिने रिक्षात ठेवलेच. मी स्टेशनवर सोडायला आलेल्या आतेभावाच्या हाती ते परत पाठवले, आणि ते अद्याप तिच्या कानावर गेलेले नाही, अशी माझी समजूत आहे.

चादर भिंतीवर आहे, सध्या तांबडी बाजू पुढे. धोटा फळीवर आहे आणि पहिले दोन आठवडे त्यात किल्ल्या ठेवायला माझा हात धजावला नाही. नवऱ्याने काही न विचारता ठेवल्या, तेव्हापासून मीही ठेवते. आरशाची ओळ यादीत तशीच आहे. बेसिनवर अजून प्लास्टिकच्या चौकटीचा जुनाच आरसा टांगलेला आहे, आणि रोज सकाळी त्यात पाहताना मला तो बावीस इंचांचा, भुसा गळणारा आरसा आठवतो.